भोंगा का वाजला नाही

आमच्या घराला दार नव्हतं. चौकट होती आणि तिच्यावर बारदाना टांगलेला असायचा. बारदाना म्हणजे तागाचं फाटकं पोतं. बाबा गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये हमाल होते आणि मिलमधून मजुरीशिवाय फुकट मिळायची ती एवढीच वस्तू. तोच दाराला, तोच अंथरायला, पावसात तोच खोळ करून डोक्यावर. आई दिवसभर मिलची फाटकी पोती शिवायची. तागाचे तंतू घरभर उडायचे. भातात यायचे, वरणात यायचे, खोकल्याबरोबर घशातून यायचे. बाबांची पाठ माझ्या मॅट्रिकच्या आधीच वाकली. थाळीतले तंतू वेचत वेचत मी जेवलो आणि त्याच घरातून बी. ई. मेकॅनिकल झालो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. हे मी अभिमानानं सांगतो, त्यात लाजायचं काही नाही. पण तंतूंचं सांगतोय ते वेगळ्या कारणानं. एका मेलेल्या बाईच्या प्रकरणात ते कामी आले.

दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची गोष्ट. नागपूरला मशिनरीच्या एका डीलरकडे मी सर्व्हिस इंजिनिअर होतो. सकाळी देशकर साहेबांनी, म्हणजे माझ्या बॉसनी, केबिनमध्ये बोलावलं.

"गोंदियाच्या त्या भुशाच्या पॉवर प्लांटवर लोडरखाली बाई गेली. पोलिसांना मशीनचा रिपोर्ट पाहिजे. ट्रान्समिशनचं प्रेशर बघ, ओके लिही, सही कर आणि परत ये."

"बघून लिहितो साहेब."

"बघायचं काय त्यात? ऑपरेटर प्यायलेला होता, सगळं गाव सांगतंय. त्यांची दोन नवीन मशीनची ऑर्डर आपल्याकडे आहे. तुला पाठवतोय ते तिकडची भाषा येते म्हणून. तेवढी भाषा वापर, जास्त डोकं वापरू नको."

मी गेज आणि होजची पेटी उचलली आणि निघालो.

हा प्लांट धानाचा भुसा जाळून वीज बनवायचा. भुसा आमच्याकडे कमी नाही. एक मोठा लोडर बकेटमध्ये भुसा भरून उतारावरून, म्हणजे रॅम्पवरून, वर चढायचा आणि वरच्या हॉपरमध्ये, म्हणजे बॉयलरला भुसा पुरवणाऱ्या मोठ्या नरसाळ्यात, ओतायचा. हॉपरच्या तोंडावर लोखंडी जाळी. पावसाळ्यात भुसा ओला होतो, त्याचे गोळे होतात, जाळी तुंबते. मग वर उभ्या असलेल्या बाया फावड्यानं जाळी मोकळी करायच्या, तोवर लोडर भरल्या बकेटसह रॅम्पवर थांबायचा. त्याच वेळात सांडलेला भुसा झाडायला दुसरी बाई लोडरच्या मागं यायची. मशीन थांबलंय तेवढ्यात झाडून घ्यायचं, म्हणजे कामाचा खोळंबा नाही. कोणी लेखी सांगितलं नव्हतं. पण रोज तसंच चालायचं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लोडर रॅम्पवरून मागं आला. मागं फुलनबाई झाडत होती. ती लोडर आणि रॅम्पच्या भिंतीच्या मधे सापडली. लोडरचा मागचा भाग म्हणजे नुसतं लोखंडाचं वजन, बकेटचा तोल सांभाळायला ठेवलेलं. जास्त लिहीत नाही.

ऑपरेटर हिरालालला प्लांटनं काढून टाकलं. पोलीस केस झाली, जामिनावर सुटला. पोळा होता, म्हणजे आदल्या दिवशी प्यायला असणार, म्हणजे उतरली नसणार. लोकांचा हिशेब सरळ होता. रक्त कोणी तपासलंच नव्हतं.

गेटवरच एक माणूस माझी पेटी बघून आडवा आला. बारीक अंगाचा, डोक्यावरचे केस नुकतेच काढलेले.

"तुमी कंपनीचे साहेब का?"

"हो."

"म्या शालिक. फुलन माही बायको. मीबी अठीच कामाले आहो. बराबर लिवजा साहेब. त्यानं पेला होता. भोंगाबी नाई वाजला. भोंगा वाजला असता त ते बाजूले झाली असती ना? आंधरी नव्हती, बहिरी नव्हती."

मी म्हणालो, "जे दिसंल ते लिहीन, भाऊ."

"दिसून त गेलं सगळ्याईले," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

आता कामाचं थोडं सांगतो. या लोडरचं ट्रान्समिशन, म्हणजे गिअरबॉक्स, ऑटोमॅटिक. ट्रकसारखा पायानं क्लच दाबावा लागत नाही. आत लोखंडी चकत्यांचे गठ्ठे असतात. पंप तेलावर दाब आणतो, त्या दाबानं चकत्या एकमेकींना घट्ट आवळतात आणि इंजिनची ताकद चाकांपर्यंत जाते. दाब गेला की चकत्या सुटतात. मग इंजिन कितीही बोंबललं तरी चाकांना काही पोचत नाही. म्हणून आधी दाब मोजायचा. गिअरबॉक्सवर एक बोल्ट असतो, तो काढून तिथं होज, म्हणजे रबरी नळी, लावायची, दुसऱ्या टोकाला गेज, म्हणजे दाब दाखवणारा काटा. या मशीनला तेल गरम असताना अडीचशे पीएसआयच्या, म्हणजे दर चौरस इंचाला अडीचशे पौंडांच्या, आसपास दाब पाहिजे. थंड तेल जाड असतं, त्यात कमजोर गिअरबॉक्सही चांगला दिसतो. म्हणून गरम करूनच मोजायचं.

मॅनेजर मिश्राजी छत्री धरून उभे होते. तपासाचे पोलीस जमादारही आले होते. लोडर पोलिसांनी सील करून ठेवला होता, माझी सही झाली की सुटणार होता. तोवर बॉयलरला टोपल्यांनी भुसा घालणं चाललं होतं. त्या टोपल्यांच्या रांगेत शालिकही होता. म्हणजे बायको गेली आणि तिच्यामुळं बंद पडलेल्या मशीनचं काम नवऱ्याच्या डोक्यावर.

तेल गरम केलं. फॉरवर्ड टाकला, अडीचशे. दुसरा गिअर, अडीचशे. रिव्हर्स टाकला, भोंगा कान फाटेल असा वाजला आणि काटा तिथंच. डावा पेडल दाबला, काटा शून्यावर गेला. सोडला, परत अडीचशे.

या डाव्या पेडलचं सांगायला पाहिजे. तो ब्रेक आहे, पण ब्रेक लावताना तो गिअरबॉक्सचा दाबही काढून घेतो, म्हणजे चाकं सुटतात आणि इंजिनची सगळी ताकद बकेट उचलायला मिळते. याला कट-ऑफ म्हणतात. तेव्हा शून्य होणं बरोबर, परत अडीचशे होणंही बरोबर. मी ते पुन्हा पुन्हा केलं. दर वेळी बरोबर.

मिश्राजी म्हणाले, "हो गया ना इंजिनिअर साहब? मशीन का टेस्ट आपने कर लिया, आदमी का टेस्ट पुलिस कर लेगी. साइन कीजिए, चाय पीजिए."

"ऑपरेटरशी बोललो नाही अजून."

"उससे क्या बात? वो तो यही बोलेगा की मशीन ने मारा."

"बोलू द्या. मशीन तर बोलत नाही."

जमादार हसले. मिश्राजी हसले नाहीत. "कल तक," ते म्हणाले, "कल के बाद आपके नागपूर में फोन जाएगा."

हिरालालचं घर नागऱ्याकडच्या एका गावात होतं. अंगणात बाज टाकून बसलेला. धिप्पाड माणूस, पण चार दिवस उपाशी ठेवलेल्या बैलासारखा दिसत होता. त्याची बायको दारातूनच म्हणाली, "आता काऊन आले जी? अजून काय रायलं विचाराचं? पोरगं शाळेत जात नाई, पोरं त्याले खुनी म्हनतेत."

"तू आत जाय वो," हिरालाल म्हणाला. मग माझ्याकडं न बघता, "पोलिसाले सांगतलं ना सगळं. पेलो नव्हतो. पोरीची शपथ घेतली. कोनी आयकत नाई."

"काय झालं ते मला सांग. मी दारूचं विचारायला आलो नाही."

"लोडर उभा होता. बायाईनं वरून हात केला. म्या ब्रेक सोडला, रेस देली. इंजिन रडलं. गाडी मागं आली. म्या ब्रेक मारला त तवरिक..." त्यानं बाजेची दोरी आवळून धरली. "साहेब, खरं सांगू का? आता मलेच वाटून रायलं का मीनंच रिव्हर्स टाकला असन. सगळे म्हनतेत त असनच. रोज मनात गिअर टाकून पाहतो. कधी पुढं पडते, कधी मागं पडते."

कोर्टात हा माणूस असंच बोलला असता तर संपलंच होतं सगळं.

"भोंगा वाजला होता का?" मी विचारलं.

"नाई. सगळे तेच त म्हनतेत. भोंगा बी नाई वाजवला म्हनून."

"तो वाजवायचा नसतो हिरालालभाऊ. रिव्हर्स पडला की आपोआप वाजतो. आज मी टाकून बघितला, चांगला वाजतो, आणि त्या दिवसापासून मशीनला सील आहे. कोणी दुरुस्त केला नाही. त्या दिवशी वाजला नाही म्हणजे तू रिव्हर्स टाकलाच नाहीस."

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "म्हंजे म्या नाई टाकला?"

"नाही."

"मंग ते मागं काऊन आली?"

तेच तर मलाही कळत नव्हतं. मी विचारलं, "जाळी साफ होईपर्यंत मशीन कसं धरायचास? हँडब्रेक?"

"हँडब्रेक कोन लावते? एका पारीत, आठ घंट्यात, किती खेपा. डावा पेडल दाबूनच ठेवाचा, बकेट वर करून. भुसा ओला असला त पाय कारा पडून जाते, मुंग्या येतेत, तवा कुठं बाया हात करतेत."

तिथं माझं डोकं चाललं. मी सकाळी पेडल दाबला आणि लगेच सोडला होता. कंपनीच्या पुस्तकात तसंच लिहिलंय. पण या प्लांटवर तसं कोणी चालवतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मिश्राजींना सांगितलं की मशीन भरल्या बकेटनं रॅम्पवर चढवून मोजायचंय. ते तडकले. "आप टेस्ट कर रहे हैं कि तमाशा? रिव्हर्स नहीं तो न्यूट्रल में डाला होगा उसने!"

"तेच तपासतोय. आज काही झालं नाही तर ओके लिहून देतो."

जमादार म्हणाले, "करू द्या हो. सही त्याईचीच लागते."

लोडर वर चढून हँडब्रेक लावला की मागं रेतीची पोती रचायची, उतरायच्या आधी काढायची असं ठरवलं. एरवी माणसं सगळी लांब, सपाट जागेवर. गेजचा होज लांब करून केबिनमध्ये घेतला आणि गेज स्टिअरिंगपाशी बांधला. शालिक टोपली ठेवून जमादारांच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याला कोणी हटकलं नाही.

मशीन मी स्वतः चालवलं. पेटी घेऊन फिरणाऱ्या इंजिनिअरला मशीन चालवता आलं पाहिजे असं मी मानतो. ओला भुसा भरून वर चढलो. लिव्हर फॉरवर्डमध्येच ठेवला, डावा पेडल दाबला, बकेट वर केली. काटा शून्यावर. थांबलो. मग पेडल सोडून रेस दिली. काटा अडीचशेवर, मशीन सरळ पुढं. खाली आलो, परत चढलो, परत थांबलो, जास्त वेळ. परत अडीचशे. मिश्राजी घड्याळ बघायला लागले. मी खेपा करत राहिलो. तेल चांगलं तापलं. माझी मांडी थरथरायला लागली, तरी पेडल दाबून बसलो. हिरालालचा पाय कारा पडायचा म्हणजे काय, ते कळलं.

मग एका खेपेला पेडल सोडला आणि काटा हललाच नाही.

शून्य. लिव्हर फॉरवर्डमध्ये. मी रेस दिली. इंजिन रडलं, अगदी हिरालालनं सांगितलं तसं. आणि मागं रॅम्प सरकल्यासारखा वाटला. सरकत मशीनच होतं. हे होणार हे मला ठाऊक होतं, त्यासाठीच मी बसलो होतो, तरी पाय ब्रेककडं जाईपर्यंत मागची चाकं पोत्यांवर आदळली. भोंगा वाजला नाही.

इंजिन बंद केलं. मी काचेतून शालिककडं बघितलं. तो पोत्यांकडं बघत होता. फुटलेल्या पोत्यातून रेती गळत होती.

जमादारांसमोर कंट्रोल व्हॉल्व्ह उघडला. त्यात कट-ऑफचा स्पूल असतो. बोटाएवढी गुळगुळीत लोखंडी दांडी, भोकात मागंपुढं सरकते. पेडल दाबला की एकीकडं जाते आणि दाब बंद होतो, सोडला की स्प्रिंगनं परत येते. ती परत आली नव्हती. बोटानं ढकलली, हलेना. काढली तेव्हा तिच्या कडेला तेलानं माखलेला एक गुंता चिकटला होता. मी तो रॉकेलमध्ये धुतला आणि तळहातावर घेतला. सोनेरी, तपकिरी, बारीक.

हे मला लॅबमध्ये पाठवायची गरज नव्हती. हे मी जेवलो होतो.

"फिल्टर कोण बदलतं?" मी विचारलं.

प्लांटचा फिटर पुढं आला. नाव तुलाराम. "मी बदलतो जी. पोळ्याच्या आधी बदलला."

"फिल्टरचं घर आतून कशानं पुसलं?"

"बारदान्यानं." त्याला प्रश्नच कळला नाही. "सगळा गोंदिया बारदान्यानंच पुसते साहेब. मिलमधी, गॅरेजमधी, घरी. कायले, काय झालं?"

फिल्टर कचरा अडवतो, पण फिल्टरच्या पुढं, स्वच्छ तेलाच्या बाजूला जे पडलं ते अडवायला काही नसतं. तंतू सरळ व्हॉल्व्हमध्ये गेले. एरवी स्पूल पटपट हलतो तेव्हा निसटायचे. पेडल बराच वेळ दाबलेला असला की फटीत रुतून बसायचे. ओला भुसा, तुंबलेली जाळी, म्हणून पेडल जास्त वेळ दाबलेला, आणि मागं झाडणारी बाई. एकही गोष्ट कमी असती तर ती वाचली असती.

तुलारामला हे समजलं तेव्हा तो खाली बसला. मी त्याला उठवलं. त्याला सुती कापड कोणी दिलंच नव्हतं, ते मी मिश्राजींकडं बघून म्हणालो. मिश्राजी म्हणाले, "ये सब लिखना जरूरी है क्या?"

"हो."

जमादारांनी ते तंतू पाकिटात सील केले. मी पेटी भरत होतो तेव्हा शालिक जवळ आला.

"तुमी बसले होते तवा," तो म्हणाला, "भोंगा नाई वाजला."

"नाही वाजला. गाडी पुढच्याच गिअरमध्ये होती. त्याही दिवशी तसंच झालं."

तो पोत्यांच्या जागेकडं बघत म्हणाला, "रोज सकारी उठून त्याले शिव्या देवो मी. त्याच्यानंच उठनं होये. मंग आता मी कोनाले शिव्या देऊ गा?"

बी. ई.ला असे प्रश्न येत नाहीत. मी पेटी बंद केली.

नागपूरला देशकर साहेबांनी रिपोर्ट वाचला आणि टेबलावर टाकला. "ओके लिहायला पाठवलं होतं तुला."

"ओके नव्हतं साहेब."

"ऑर्डर गेली."

"गेली असंल."

मला स्पेअर पार्टच्या काउंटरवर बसवलं. तिथं मी दीड-दोन वर्षं बसलो, मग दुसरी नोकरी धरली. घरी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "बारदाना होता का खरंच?" मी हो म्हणालो. ते आईकडं बघून म्हणाले, "आपल्या पोटात गेला तवा कोनी व्हॉल्व्ह उघडून पाह्यला नाई."

केस लांबली. कोर्टात वकिलानं मला टॉर्क, पीएसआय आणि स्पूलचं विचारलं, मी सांगितलं. किती समजलं ते ठाऊक नाही. मग शालिक उभा राहिला. तो सरकारी बाजूचा साक्षीदार होता, त्याला हिरालालच्या विरोधात बोलायला आणलं होतं. विचारलं, भोंगा वाजला होता का? तो म्हणाला, "नाई वाजला. वाजनारच नव्हता. त्यानं गाडी मागं टाकलीच नव्हती. मीनं माह्या डोऱ्यानं पाह्यलं, इंजिनिअर साहेब बसले होते तवाबी तशीच आली." बाहेर आल्यावर हिरालाल त्याच्या पाया पडायला वाकला. शालिकनं पाय मागं घेतले. "असं नोको करू," म्हणाला आणि स्टँडकडं निघून गेला. दोघांची दोस्ती वगैरे काही झाली नाही.

या प्रकरणातून मी एकच गोष्ट शिकलो. प्रेशर मोजायचं तर माणसं मशीन जसं चालवतात तसं चालवून मोजावं. पुस्तकातला ऑपरेटर हँडब्रेक लावतो. खरा लावत नाही. तेव्हापासून माझ्या पेटीत धुतलेलं सुती कापड असतं आणि ज्या साइटवर जाईन तिथल्या फिटरला अर्धं फाडून देतो.

हिरालाल निर्दोष सुटला आणि दुसऱ्या ठिकाणी पुन्हा लोडर चालवायला लागला. त्या प्लांटवर आता जाळी साफ होईपर्यंत लोडर खाली सपाटीवर थांबतो आणि तो रॅम्पवर असताना मागं कोणी झाडायला जात नाही. आमच्या घराला सागवानाचं दार आहे.